भांबुर्डीची पोच

त्या जानेवारीत तुम्ही आमच्या आवळघरात चपला काढून, डोळे मिटून वेशीपासून देवळापर्यंत चालत गेला असतात, तर तुमच्या पायाला काहीही लागलं नसतं. काटा नाही, खडा नाही, शेण तर नाहीच नाही! ही फुशारकी नव्हे. माझ्याकडे तशी नोंद आहे. 'दि. ११ जानेवारी, सकाळी ७.४०. मुख्य रस्ता. अनवाणी तपासणी करणार : मोरू. पायाला लागलेल्या वस्तू : शून्य.' खाली मोरूची सही आणि दोन्ही अंगठ्यांचे ठसे. पायाच्या.

नोंदींचं हे वेड मला धंद्याने लावलं. मी पेणजवळच्या एका कंपनीत बावीस वर्षं स्टोअरकीपर आहे. तसा मी इतिहास घेऊन बी.ए. झालो, आणि नट-बोल्ट मोजताना इतिहासाचा जेवढा उपयोग करता येतो तेवढा सगळा करून घेतला. माझ्या स्टोअरमध्ये प्रत्येक वस्तूला जागा, प्रत्येक जागेला चिठ्ठी आणि प्रत्येक चिठ्ठीला नंबर. माल आला की पोच द्यायची, माल गेला की सही घ्यायची. आमच्या लग्नात भटजींनी मंगळसूत्र हातात दिलं तेव्हा मी खिशातलं पेन चाचपलं होतं, असं आमची हौसा सांगते. ती थोडं वाढवून सांगते. पण थोडंच.

तर असा माणूस गावात असताना ग्रामस्वच्छता स्पर्धेत आवळघर तालुक्यात पहिलं आलं यात नवल नाही. नवल असं, की ते माझ्याशिवाय आलं! मी तेव्हा रात्रपाळीत होतो. आता जिल्ह्याची फेरी होती, आणि सरपंच हैबतरावांनी ग्रामसभेत जाहीर केलं, "समितीचा अध्यक्ष आमचा भाऊ! अख्ख्या कंपनीचा कचरा तो सांभाळतो."

"कचरा नाही, माल," मी म्हणालो.

"तेच ते."

हैबतराव म्हणजे सहा फूट उंच, आवाज आठ फूट. मनाने इतके उदार, की दारात कुणी पाणी मागितलं तर ते आधी जेवायला बसवतात आणि मग पाणी देतात. त्यांना 'नाही' हा शब्द येत नाही. हे लक्षात ठेवा. मी ठेवलं नव्हतं.

मी उठलो. टाळ्या झाल्या. आणि टाळ्या झाल्या की माझं होतं ते झालं. मी म्हणालो, "मंडळी, जिल्ह्यात पहिला नंबर आपला! माझा शब्द!"

मागून कृष्णाबाई काकीचा आवाज आला, "आनी नाय आला तं?"

ही माझी सख्खी चुलती. वय सत्तरच्या पुढे, दात चार, पण चारही धारेचे. गावात तिला सगळे काकीच म्हणतात, आणि तिच्यासमोर सगळे पुतण्यासारखेच उभे राहतात.

"नाही आला तर," मी छाती काढून म्हणालो, "वर्षभर दर रविवारी वेशीपासून देवळापर्यंतचा रस्ता मी एकटा झाडेन!"

"तोंडानं नको बोलूस. लिव."

आता मला 'लिही' म्हणणं म्हणजे मांजराला 'दूध पी' म्हणणं. मी स्वतःच्या हाताने, स्वच्छ अक्षरात, इतिवृत्ताच्या वहीत लिहिलं : ठराव क्रमांक सात. सूचक : कृष्णाबाई. अनुमोदक : मी!

दुसऱ्या दिवसापासून आवळघराचं स्टोअर झालं. मी पंधरा दिवसांची रजा टाकली. गावातल्या प्रत्येक वस्तूला चिठ्ठी लावली. गोठ्यांना नंबर, उकिरड्यांना नंबर, देवळापुढच्या तीन कुत्र्यांना नंबर. पैकी दोन नंबरचं कुत्रं चिठ्ठी खाऊन बसलं, म्हणून त्याला दुबार चिठ्ठी दिली. म्हशी रस्त्यावरून जाताना मागून एक माणूस घमेलं घेऊन चालेल असा नियम केला. त्या कामावर मोरू होता. मोरू हा पाच म्हशींचा मालक आणि भजनात पखवाज वाजवणारा. चाळिशीचा गडी, पण हुकूम मिळाला की पोरासारखा पळतो. दोन दिवसांत त्याचा हात इतका बसला, की शेण जमिनीला म्हणून लागत नसे. तो वरच्या वर झेलायचा!

तालुक्याहून चार कचरापेट्या मिळाल्या होत्या, हिरव्यागार, नव्या कोऱ्या. पहिल्याच दिवशी कुणीतरी त्यात कांद्याची सालं टाकली. मी पेटी धुतली, पुसली आणि चारही पेट्यांना कुलपं लावली. कचऱ्याने घाण होऊ नयेत म्हणून! किल्ल्या माझ्या खिशात.

"मग कचरा कुठं टाकायचा, भाऊ?" मोरूने विचारलं.

"करायचाच नाही."

"हां," मोरू म्हणाला. त्याला ते पटलं. मला तेव्हाच शंका यायला हवी होती.

मग आलो रस्त्याच्या कडेला. दोन्ही बाजूंना गुडघ्याएवढी भांबुर्डी माजलेली. पेण-रोह्याच्या माणसाला भांबुर्डी सांगावी लागत नाही. बाकीच्यांसाठी सांगतो, की ते एक उग्र वासाचं रानटी झुडूप. पेरावं लागत नाही, पाणी द्यावं लागत नाही, गुरं तोंड लावत नाहीत. माझ्या स्टोअरच्या भाषेत, निरुपयोगी माल.

"हे उपट," मी म्हणालो.

मोरू पहिल्यांदाच हलला नाही. "भाऊ, ही भांबुर्डी हाय."

"फळ येतं?"

"नाय."

"देवाला वाहतात?"

"नाय."

"मग तण!"

"पन जानेवारी हाय, भाऊ. वालाला शेंगा धरल्यात. पोपटी..."

आता पोपटीही सांगावी लागणार. थंडीत वालाच्या शेंगा भरल्या की आमच्या भागात माणसं शेताच्या बांधावर मडकं घेऊन जमतात. मडक्याच्या तळाशी भांबुर्डी, वर शेंगा, मीठ, ओवा, अंडी, जमल्यास कोंबडी, आणि तोंडाशी पुन्हा भांबुर्डी गच्च कोंबायची. मडकं जमिनीवर उपडं ठेवायचं, भोवती पेंढा-काटक्या रचून जाळ करायचा. आत पाण्याचा थेंब नाही. भांबुर्डीच्या वाफेवर सगळं शिजतं. मग मडकं उघडलं की जो वास सुटतो, त्याने भांडलेले भाऊ एका पानावर येतात. भांबुर्डीशिवाय लावलेली पोपटी म्हणजे नुसत्या भाजलेल्या शेंगा. त्या कुठेही मिळतात.

पण पोपटी म्हणजे जाळ. जाळ म्हणजे राख, काजळी, सालं, हाडं! मी तिथल्या तिथे फर्मान काढलं : जिल्ह्याची तपासणी कमिटी येऊन जाईपर्यंत गावात पोपटी बंद.

गावात अशी शांतता पसरली, जशी निवडणुकीत पडलेल्याच्या दारात असते.

संध्याकाळी काकी आमच्या ओट्यावर आली. "भाऊ, तुझ्या बापानं भर थंडीत पोपटीला नाय म्हटलं नव्हतं कंदी. तू भांबुर्डी उपटतोस व्हय रे?"

"काकी, एका वर्षाचा प्रश्न आहे. नंबर आला की पुढच्या वर्षी खा."

"पुढल्या वर्षी माझं दात किती ऱ्हातील ते तुझ्या वहीत लिवलंय काय?"

ती गेली. आतून हौसा म्हणाली, "त्या बोलत नाहीत तेव्हा जास्त भ्या." हौसा बेलखोलची. बेलखोल म्हणजे आमच्या शेजारचं, टेकडीपलीकडचं गाव. त्याच स्पर्धेत, त्याच फेरीत, आणि तिथल्या समितीचा अध्यक्ष तिचा सख्खा भाऊ जगन! त्यामुळे या पंधरा दिवसांत ती घरात अलिप्त राष्ट्रासारखी वागत होती. माझ्या ताटात वाढायची, पण मत द्यायची नाही.

भांबुर्डी उपटली गेली. मुळासकट, दोन्ही बाजूंची, देवळामागची, ओढ्याकाठची. सगळी कंपोस्ट खड्डा क्रमांक चारमध्ये. मी दोन वेळा फेरी मारून नोंद केली : 'भांबुर्डी, शिल्लक : शून्य.'

आणि मग एक चमत्कार झाला. गावाने मनावर घेतलं! सकाळी पाहतो तो काकीच्या परसात बांबूवर चार गोधड्या वाळत. शेजारी गिरजाबाईच्या परसात तीन. पलीकडे पाच. अख्खी आळी गोधड्या धुतेय! दिवसभर वाळवल्या, दुसऱ्या दिवशीही वाळतच होत्या, तिसऱ्या दिवशीही. काय ही स्वच्छतेची ओढ! माझे डोळे भरून आले. मी वहीत लिहिलं, 'परसातील धुतलेल्या गोधड्या : एकतीस. नागरिकांत जागृती.' काकीला हात जोडून म्हटलंही, "काकी, तू मनात राग धरला नाहीस, हा तुझा मोठेपणा."

"राग कसला बाबा," काकी म्हणाली, "थंडीचं दिवस. गोधड्या लागतात."

कमिटी आली दुपारी तीनला. जीपमधून तिघं उतरले. बोलणारे एकच, मोठे साहेब. घाटावरून महिन्यापूर्वीच बदलून आलेले, गोरे, गोल आणि कंटाळलेले. त्या आठवड्यात त्यांनी अठरा गावं पाहिली होती. अठरा गावांचे सत्काराचे नारळ जीपच्या मागे गडगडत होते.

मी त्यांना सगळं दाखवलं. गोठा क्रमांक एक ते बावीस. सांडपाण्याचे शोषखड्डे. कुत्री. कुलपं लावलेल्या पेट्या.

"पेट्या फार स्वच्छ आहेत," साहेब म्हणाले.

"आतूनसुद्धा!" मी म्हणालो.

साहेबांनी माझ्याकडे जरा वेळ पाहिलं, कागदावर काहीतरी लिहिलं. मला वाटलं, दहापैकी दहा.

दीड तासात सगळं आटोपलं. शाळेच्या पटांगणात चहा झाला. जीपचा दरवाजा उघडला. साहेबांनी एक पाय आत ठेवला. जिल्ह्यातला पहिला नंबर माझ्यापासून दुसऱ्या पायाच्या अंतरावर होता! आणि तेवढ्यात साहेब वळले.

"सरपंच, एक विचारू? इकडे आल्यापासून ऐकतोय. ते पोपटी का काय म्हणतात, ते असतं तरी काय?"

मी डोळे मिटले. कारण हैबतरावांचं तोंड उघडलेलं मला दिसलं होतं.

"असतं काय म्हंजे? साहेब, आमच्या गावात आलात आनी पोपटी न खाता जाल? लोक माझ्या तोंडात शेण घालतील! बसा! तासाभरात लावतो!"

साहेबांचा पाय जीपमधून बाहेर आला. पहिल्यांदाच त्या चेहऱ्यावर जीव दिसला. "खरंच? वेळ आहे हो मला. बेलखोल उद्या आहे."

मी हैबतरावांना शाळेच्या भिंतीआड ओढलं. "सरपंच, भांबुर्डी नाही."

"नाय म्हंजे?"

"उपटली! सगळी! खड्डा नंबर चार!"

मोरू धावत खड्ड्यापाशी गेला, वाकला आणि नाक धरून परत आला. "भाऊ, ती आता खत झाली."

"आंब्याची पानं घालू," मी म्हणालो. "केळीची घालू."

"साहेबांना पानं खायला घालायची हायत काय?" हैबतराव गरजले. त्यांचं गरजणं शाळेच्या पत्र्यावर वाजलं. "भाऊ, तू उपटलीस, तूच आन. कुठनं आनायची ती आन!"

आठवड्यापूर्वी मीच टेकडीवरून सगळा मुलूख न्याहाळला होता. जवळपास हिरवीगार भांबुर्डी उभी होती ती एकाच ठिकाणी. बेलखोलच्या रस्त्यावर.

घरी गाडीची किल्ली घ्यायला गेलो. हौसाने तोंड उघडलं, पंधरा दिवसांत दुसऱ्यांदा. "कुठं?"

"तुझ्या माहेरी. भांबुर्डी मागायला."

"वीस वर्षांत मी माहेरून मिठाचा खडा मागितला नाय," ती म्हणाली, "आनी तुम्ही गवत मागायला चाललात?"

मोरूला मागे बसवून मी गाडी काढली. गावाबाहेर रस्ता वळतो त्या वाकणावर काकी उभी होती. हात हलवून काहीतरी ओरडत होती. "भाऊ! आरे भाऊ, थांब! आरे..."

मला थांबायला वेळ कुठे होता! मी हातानेच 'येतो, येतो' केलं आणि ॲक्सिलरेटर पिळला.

जगन ओट्यावर बसून वाल सोलत होता. मला पाहताच त्याने टोपलं बाजूला ठेवलं. "आवो भावजी! या, या! आज कमिटी ना तुमच्याकडं? मग हिकडं कसं? रस्ता स्वच्छ करता करता हितपर्यंत आलात काय?"

ओट्याभोवती पाच-सहा बेलखोलकर जमले. ते कुठून जमतात देव जाणे, पण माणसाची फजिती व्हायची असली की पाच-सहाजण जमतातच.

"जगन, जरा भांबुर्डी हवी होती."

"काय हवं होतं?"

"भांबुर्डी."

"मोठ्यानं बोला भावजी, हा विठू बहिरा हाय."

"भांबुर्डी!" मी ओरडलो. विठू बहिरा नव्हता. तो आधीपासूनच हसत होता.

"आरे, भावजींना तण पायजे!" जगनने गावाला वर्दी दिली. "द्या रे! आपलं गाव घानेरडं, आपल्याकडं मोप हाय! पन भावजी, आधी चहा. हौसाचा नवरा दारातनं कोरडा जाईल काय?"

चहा झाला. मग त्याला कोयता सापडेना. मग कोयता सापडला, दोरी सापडेना. मी घड्याळ बघत होतो आणि जगन माझ्याकडे बघत होता. शेवटी दोन भारे मोरूच्या दोन्ही मांड्यांवर चढले. मोरू मधोमध एखाद्या नवरदेवासारखा दिसत होता.

आणि आता ऐका, बी.ए. झालेल्या माणसाने काय केलं ते.

माल मिळाला होता. माल मिळाला की माझा हात खिशात जातो. तिथे पावतीपुस्तक असतं, कार्बन असतो, आणि त्या पंधरवड्यात समितीचा शिक्काही होता. बावीस वर्षांत मी पोच दिल्याशिवाय कुणाचा खिळासुद्धा घेतलेला नाही. मी गाडीच्या टाकीवर पुस्तक ठेवून लिहिलं : 'मौजे बेलखोल यांजकडून भांबुर्डी, हिरवी, ताजी, भारे दोन, चांगल्या स्थितीत मिळाली. सदर वनस्पती आवळघर हद्दीत उपलब्ध नाही.' खाली सही. सहीवर शिक्का. शिक्का जरा पुसट उठला म्हणून पुन्हा एकदा, ठळक!

जगनने तो कागद दोन्ही हातांनी घेतला. वाचला. त्याचा चेहरा असा उजळला, की मला भरून आलं. म्हटलं, काही झालं तरी आपल्याच माणसाला आनंद झाला!

परतीच्या वाटेवर अंधारून येत होतं. वाऱ्याने भाऱ्यातल्या डहाळ्या सुटत होत्या. मी आरशात पाहिलं तर वेशीपासून आत, ज्या रस्त्यावर मोरूच्या अनवाणी पायाला शून्य वस्तू लागल्या होत्या, त्यावर भांबुर्डीचा हिरवा सडा पडत होता. निघताना जगनकडूनच सरपंचांना फोन करावा म्हटलं होतं, तर आमच्या गावात मोबाइल एकच, त्यांचाच, आणि त्याला रेंज यायची ती पाण्याच्या टाकीवर चढल्यावर. हैबतराव टाकीवर चढले असते तर टाकी उतरली असती.

वळण घेतलं आणि मी गाडी थांबवली. वास आला.

तो वास चुकत नाही. गावावर निळा धूर पसरला होता. शाळेच्या पटांगणात जाळ. देवळापुढे जाळ. गिरजाबाईच्या अंगणात, पलीकडच्या बांधावर, जिकडे बघावं तिकडे उपडी मडकी आणि भोवती जाळ! अख्खं आवळघर पंधरा दिवसांचा उपास सोडत होतं. पटांगणात पहिलं मडकं उघडलंही होतं. हैबतराव कोंबडीची तंगडी हातात धरून साहेबांना आग्रह करत होते. साहेब मांडी ठोकून जमिनीवर बसले होते, बाह्या कोपराच्या वर, हनुवटीला काजळी, डोळे अर्धवट मिटलेले.

"भांबुर्डी कुठून आली?" मी विचारलं.

काकी शेंग सोलत होती. तिने हनुवटीनेच आपल्या परसाकडे दाखवलं. बांबूवर गोधड्या नव्हत्या. गोधड्यांच्या मागे जे उभं होतं ते दिसत होतं. डेरेदार, हिरवीगार, कमरेएवढी भांबुर्डी. शेजारच्या परसातही. त्याच्या पलीकडेही. एकतीस गोधड्यांमागे, घरटी एक ताटवा!

"काकी, सांगायचं नाहीस?"

"वाकणावर उभी ऱ्हाऊन घसा फोडला ना रे! तू हात हलवून गेलास. मला वाटलं, म्हंमईलाच चाललास."

"पण आधी, आधी का नाही सांगितलं?"

"आधी सांगितलं असतं तं उपटली असतीस," काकी म्हणाली, आणि शेंगेतला दाणा तोंडात टाकला. "तुझ्या वहीत शून्य व्हतं ना? मग व्हतं शून्य. आपन कशाला वहीला खोटं पाडायचं?"

मोरू भारे मांडीवर घेऊन अजून गाडीवरच बसला होता. "भाऊ, हे कुठं टाकू?"

हाच प्रश्न मागून साहेबांनीही विचारला. त्यांची ओंजळ शेंगांच्या सालांनी भरली होती. "अहो अध्यक्ष, ही सालं कुठे टाकायची? मघापासून बघतोय, तुमच्या पेट्यांना कुलपं आहेत."

मी खिशात हात घातला. किल्ल्या नव्हत्या. पावतीपुस्तक होतं, कार्बन होता, शिक्का होता. किल्ल्या बहुधा बेलखोलच्या रस्त्यावर पडल्या, जिथे खिशातून शिक्का काढला तिथेच. साहेबांनी मिनिटभर वाट पाहिली. मग खिशातून रुमाल काढला, सालं त्यात घातली, गाठ मारली आणि ती पुरचुंडी स्वतःच्याच खिशात टाकली. इतक्या शांतपणे, की त्यांनी शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

बाकीच्या गावाकडे रुमाल नव्हते.

दुसऱ्या दिवशी कमिटी बेलखोलला गेली. पुढचं मला हौसाने सांगितलं. अलिप्त राष्ट्राला बातम्या दोन्हीकडून कळतात. जगनने गोठे दाखवले नाहीत, खड्डे दाखवले नाहीत. त्याने साहेबांना सरळ रस्त्याच्या कडेच्या भांबुर्डीपाशी नेलं आणि खिशातून माझा कागद काढला. तो म्हणे त्याने देव्हाऱ्यात ठेवला होता. साहेबांनी तो दोनदा वाचला. आदल्या रात्रीची चव अजून जिभेवर होती. त्यांनी शिक्क्यावर बोट ठेवून विचारलं, "हा खरा आहे?"

"साहेब," जगन म्हणाला, "आमचं भावजी खोटं काही लिवत नाहीत."

महिन्याने निकाल लागला. बेलखोल जिल्ह्यात पहिलं. शेरा : 'स्थानिक वनस्पतींचे जतन. शेजारील गावास पुरवठा. लेखी पोच पाहिली.' आवळघर अकरावं. शेरा : 'पोपटी अप्रतिम. कचरापेट्या उत्तम स्थितीत; वापराचा पुरावा नाही.'

ग्रामसभा भरली. काकीने फक्त इतिवृत्ताची वही मागितली, पान उलटवलं आणि ती माझ्यासमोर ठेवली. अक्षर, तुम्हांला सांगतो, फार सुंदर होतं.

आज माझा चाळिसावा रविवार. झाडू धरायची एक पद्धत असते. ती पहिल्या आठ रविवारी मला माहीत नव्हती, हे माझी कंबर सांगते. मोरू मदतीला यायला तयार होता, पण ठरावात 'एकटा' हा शब्द आहे, आणि तो मीच अधोरेखित केलेला आहे. जगन दर रविवारी सकाळी न चुकता बहिणीला भेटायला येतो. वीस वर्षांत भाऊबीजेला वेळेवर न आलेला माणूस! येताना भुईमुगाच्या शेंगा खात खात येतो. वेशीपासून देवळापर्यंत. बारा रविवार मी गप्प बसलो, तेराव्याला म्हणालो, "जगन, पेटी आहे तिथे." तर म्हणाला, "कुलूप असंल म्हणून नाय टाकत, भावजी."

दिवाळी झाली, थंडी पडायला लागली. आज झाडता झाडता पाहिलं, तर रस्त्याच्या दोन्ही कडांना बोटबोटभर भांबुर्डी पुन्हा उगवून आलेली. कुणी पेरली नाही, कुणी पाणी घातलं नाही. मी झाडू जरा आखडून धरला आणि तिच्या कडेकडेने झाडत गेलो. देवळापाशी पोहोचलो तर पायरीवर काकी बसलेली. तिच्या परसातली मोठी झाली होती. त्यातला एक भारा तिने माझ्याकडे सरकवला.

"घे. शेंगा भरल्या की पोपटी लाव घरी. हौसाला सांग, ओवा जास्त घाल."

मी भारा घेतला. माझ्याकडे बघून काकी चारही दातांनी हसली.

"आनी भाऊ, पोच नको लिवूस."

मी हात खिशातून बाहेर काढला.